एक खोटी तारीख

संशय घेणं हे माझ्या रक्तातच आहे. माझे वडील पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन होते. खटका ओढला तरी तीनदा जाऊन रूळ बघायचे, आणि घरी आल्यावर आईनं कडी लावली का तेही तीनदा बघायचे. मी त्यांची लेक. नर्स म्हणून बोरखेडीच्या उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा महिन्याभरात निम्म्या गावावर माझा संशय बसला होता आणि उरलेल्या निम्म्याचा माझ्यावर. त्यामुळं पेडगावकर सर बदलून गावात आले आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना बसा म्हटलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "काय पाहिजे?"

"खरजेचे पेशंट किती आले बाई, ह्या महिन्यात? आन् कधीपासून?"

घ्या! गणिताच्या मास्तरला खरूज कशाला पाहिजे? उंच, खांद्यात वाकलेला माणूस, खिशाला दोन पेन, एक निळं एक लाल, आणि काखेत लांबडी वही. मी म्हटलं, वरून आलेला दिसतोय, माझं रजिस्टर तपासायला. आकडे दिले नाहीत. ते रागावले नाहीत. "बरं, उद्या येतो," म्हणाले आणि खरंच आले. तिसऱ्या दिवशीही आले. आठव्या दिवशी मी वैतागून रजिस्टरच त्यांच्यापुढं टाकलं.

'कधीपासून' हा त्यांचा रामराम होता. कुणी "नमस्कार सर" म्हटलं की हे म्हणणार, "नमस्कार. खोकला कधीपासून?" शाळेतली पोरं त्यांना कधीपासून सरच म्हणायची. एकदा पारावर एकजण रडकुंडीला येऊन सांगत होता, बायको रुसून माहेरी पाथरीला गेली म्हणून. सर तिथून चालले होते. थांबले, वही उघडली आणि विचारलं, "कधीपासून?" सगळा पार हसला. सरांना कळलंच नाही काय झालं ते.

आमच्याकडं त्यांची बदली का झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. आधीच्या शाळेत तपासणी होती. पट टिकावा म्हणून हेडमास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आज सगळी पोरं हजर लावा. साहेब वर्गात आले, हजेरी बघितली आणि म्हणाले, "वा, चाळीसच्या चाळीस!" तर हा माणूस उठून म्हणतो, "न्हाई साहेब. एकोणतीस हायत. तुमाला धरून तीस." पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. पण त्यांना त्याचं वाईट वाटल्याचं कधी दिसलं नाही. म्हणायचे, "खोटा आकडा एकदा आत घुसला की तो कुठं कुठं जाऊन बसंल, सांगता येत न्हाई." अर्धा मार्कसुद्धा कुणाला वाढवून दिला नाही त्यांनी. गावातले बडे मालक बापूराव, त्यांचा पुतण्या एका मार्कानं राहिला, तरी दिला नाही.

त्यांना वेड होतं ते साथीच्या गणिताचं. एकदा त्यांनी ते मला दाखवलं. खडूचे तीन रिकामे डबे टेबलावर मांडले आणि खिशातून मूठभर चिंचोके काढले. पहिल्या डब्यात ज्यांना रोग झाला नाही ते. दुसऱ्यात ज्यांना झालाय ते. तिसऱ्यात ज्यांना होऊन गेला ते. मग रोज इकडचे चिंचोके तिकडं करायचे. किती करायचे, ते कोण कुणाला किती भेटतं यावर ठरणार. नवं लेकरू जन्मलं की पहिल्या डब्यात एक चिंचोका वाढला. आणि अंग जुना रोग विसरतं, म्हणून तिसऱ्यातलेही थोडे थोडे परत पहिल्यात येणार. सर एकेक दिवस मोठ्यानं मोजत चिंचोके हलवत होते आणि मी बघत होते. दुसरा डबा भरला, मग उतरला, पण दोन-चार चिंचोके त्यात राहिलेच. मग पुन्हा भरायला लागला.

"बघा," सर म्हणाले. "वरचे लोक म्हणतेत साथ गेली. गेली कुठं? पाहुणी म्हणून आली आन् भाडेकरू होऊन बसली. आता तिच्यासंगं वरसानुवरसं ऱ्हायचंय आपल्याला. मग ती कवा डोकं वर काढंल, ते आधी म्हाईत पाहिजे का नको?"

"म्हणजे भविष्य सांगता तुम्ही."

"छे छे. अंदाज. भविष्यवाल्याला चुकायची भीती नसती. मला असती."

मला ते पटलं, पण विश्वास बसला नाही. कारण ह्या गणितासाठी सर घरोघर जाऊन विचारायचे ते काय, तर घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, कुणाकडं उठबस आहे. आणि दिवस कसले! विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तीन वर्षं झाली होती. ठरावानंतर मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, ती कुणीच विसरलं नव्हतं. आमच्या गावात काही जळलं नाही, पण गाव आणि बौद्ध वस्ती यांच्यात जेवढा रस्ता होता तेवढंच बोलणं उरलं होतं. अशात एक परका मास्तर घरांची यादी करत हिंडतो! गाव म्हणायचं, नसबंदीवाला आहे. कुणी म्हणायचं, सीआयडी. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं तर त्यांना तोंडावरच विचारलं, "गुरुजी, कोन कुठं ऱ्हातंय ह्याची यादी तुमाला कशापायी? यादीचं पुढं काय होतंय ते आमी बघितलंय." सर म्हणाले, "नाव लिहीत न्हाई बाबा. घराला नंबर देतो." म्हातारा म्हणाला, "नंबरावरूनबी घर घावतंय." सरांचं आडनाव गावावरून, जात कुणाला कळेना, त्यामुळं दोन्हीकडच्यांना ते पलीकडचे वाटत.

त्याच पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. डोळे काय, दरसालच कुणाचे ना कुणाचे येतात. पण हे निराळं होतं. सकाळी टोचायला लागलं की संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक, कुणाकुणाला तर आत रक्त उतरलेलं. पेपरात आलं होतं की कुठल्या कुठल्या देशांतून फिरत आलेला विषाणू आहे म्हणून. सर हरखूनच गेले. मला रागच आला त्यांचा. लोक डोळे चोळत रडताहेत आणि हा माणूस नवी वही शिवतोय!

आणि मला भीतीही होती. तिचं कारण सांगते.

बापूराव मालकांची सून सुमन. तिचं पहिलं मूल वरच्या दुधावर दोन महिन्यांत हगवणीनं गेलं होतं. तेव्हा सासूनं बोलून दाखवलं होतं की पुन्हा असं झालं तर पोराला दुसरी करू. दुसरा मुलगा झाला, संजू, आणि सव्वा महिन्यातच सुमनचं दूध आटलं. संजूला घेऊन ती माझ्यापुढं येऊन बसली. त्याच वेळी वस्तीतली कौसाबाई तिच्या मिलिंदला घेऊन वजनाला आली होती. तिला दूध भरपूर. तिनं सुमनकडं बघितलं, संजूकडं बघितलं आणि मला म्हणाली, "द्या इकडं. लेकराला काय कळतंय?" संजू तिच्या छातीला लागला आणि सुमन भिंतीकडं तोंड करून रडली. मग रोज सकाळ-संध्याकाळ सुमन 'टॉनिकच्या सुया' घ्यायला माझ्याकडं यायची आणि कौसाबाई मागच्या दारानं. मधल्या वेळेला सुमन घरी चमच्यानं शेळीचं दूध पाजायची, घुटी म्हणून. दोन महिने असे गेले. संजू बाळसं धरत होता. हे बाहेर कळलं असतं तर सुमनला घराबाहेर काढलं असतं आणि वस्तीत काय झालं असतं, ते तुम्हीच समजा.

आणि इतकी संशयी मी, मलाच अक्कल राहिली नाही. सरांनी विचारलं, "लेकरांत पैल्यांदा कुणाला?" रजिस्टर समोर होतं. मी बोलून गेले, "वस्तीतल्या मिलिंदला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. मग मालकांच्या संजूला, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी." सरांनी लिहून घेतलं. त्यांच्या वहीला माझ्या टेबलावरचं जांभळं औषध लागलं, कोपऱ्यावर रुपयाएवढा डाग पडला. ते लिहायचे थांबले.

"गावठाणात त्याच्या आधी कुणालाच न्हाई?"

"नाही."

"मग ह्या दोन लेकरांच्या मधी कायतरी हाय." आणि मग माझ्याकडं न बघता, "तुमच्या खोलीत सकाळी कोन कोन येतं बाई?"

"पेशंट येतात," मी म्हटलं आणि रजिस्टर मिटलं.

घोटाळा झाला तो मात्र वहीमुळं नाही. आमच्याकडं डोळे आले की लेकुरवाळीच्या अंगावरच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यांत घालायची रीत. मी शंभरदा सांगितलं घालू नका, ऐकतंय कोण! मालकिणीचे डोळे आले. तिनं सुनेपुढं वाटी धरली. सुमननं पाठ फिरवून पिळून पिळून बघितलं. थेंब नाही. म्हातारीनं वाटीत बघितलं, मग पाळण्यातल्या गुबगुबीत नातवाकडं बघितलं.

"मंग हे लेकरू कुणाच्या दुधावर मोठं झालंय गं?"

बोलले ते बापूराव. शांतपणे म्हणाले, "मास्तरकडं कुणाचे डोळे कवा आले ते सगळं लिवलेलं हाय म्हनं. उंद्या त्याला वही घिऊन बोलवा. लेकराला कुणी हात लावला ते कळंल." सुमननं धावत येऊन मला हे सांगितलं आणि तशीच परत पळाली.

मी शाळा सुटताच सरांना गाठलं. ते वर्गात एकटे खडूचे तुकडे वेचत होते. मी काही फोडलं नाही. फक्त म्हटलं, "सर, ती मिलिंदची तारीख. ती नसती तर बरं झालं असतं."

"तारीख तुमीच दिली ना?"

"हो."

"बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे, पण..."

"मग?" म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकून खडू वेचायला लागले.

मेल्या दगडा, असं मी मनात म्हटलं. मनात कशाला, रस्त्यानं जाताना तोंडानंच म्हटलं. एकोणतीसला चाळीस न म्हणणारा माणूस हा, ह्याला दोन बायका आणि दोन लेकरं काय दिसणार? सकाळी मी कौसाबाईला निरोप धाडला, आठ दिवस माहेरी जा. ती म्हणाली, "मी काय चोरी केली का? न्हाई जानार."

बापूरावांच्या ओसरीवर दहाबारा माणसं होती. मलाही बोलावणं होतं. सर आले, चप्पल काढली, वही मांडीवर ठेवली. बापूराव म्हणाले, "वाचा. वस्तीत कुण्या लेकुरवाळीच्या घरात आमच्या संजूच्या आधी डोळे आलते?"

सर एकेक नंबर, एकेक तारीख वाचत गेले. मिलिंदचं घर आलं. सरांचा आवाज तसाच, पाढे म्हणावेत तसा. "घर नंबर चौदा. लेकरू एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

पोळ्याच्या! म्हणजे संजूनंतर तीन आठवड्यांनी. मी मान वर केली. वही नवी कोरी होती. कोपऱ्यावर जांभळा डाग नव्हता. सगळीच्या सगळी पानं सरांनी पुन्हा उतरून काढली होती, त्याच निळ्या शाईत.

"मग लेकराला आलं कुठून?" बापूरावांनी विचारलं.

"वस्तीतला पैला पेशंट मानवतच्या मोंढ्यातला हमाल हाय, पंचमीनंतरचा. आन् मालक, पंचमीच्या आधी तुमीबी मोंढ्यात गेलता. आल्याबरुबर नातू मांडीवर घेतला असंल." सरांनी वही मिटली. "वहीप्रमाणं बघितलं, तर रोग घरात तुमीच आनलाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बापूराव उठून घरात गेले. मालकिणीला मी सांगितलं, "सुनेचेही डोळे येताहेत. तेव्हा अंगात कणकण असते, तीत बाईचं दूध आटतं. चार दिवसांपूर्वीपर्यंत चांगलं होतं, मीच बघितलंय." तीही थापच. पण माझी थाप काय, मी जन्मभर मारत आले. सरांची ती पहिलीच होती.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "खोकला कधीपासून बाई, तुमाला?" मला खोकला नव्हता. रडू येत होतं.

ह्या एका तारखेची झळ त्यांना लागली ती पुढच्या वर्षी. सरांनी सगळा हिशोब मांडून परभणीला संख्याशास्त्राच्या एका साहेबांकडं पाठवला होता. त्यांचं म्हणणं असं, की डोळ्यांची ही साथ आता जाणार नाही. नवी लेकरं साठत जातील आणि सातव्या-आठव्या वर्षी ती शाळेपासून पुन्हा उठेल, तर मलम आणि सूचना आधीच तयार ठेवा. साहेबांनी पाथरीला डॉक्टर, नर्स आणि शिक्षकांची बैठक ठेवली. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चिंचोक्यांचे डबेही आणले होते.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "गुरुजी, पद्धत फार सुंदर आहे. पण तुम्ही गाव आणि वस्ती एकच धरलीय. तुमच्याच वहीप्रमाणे इकडचा रोग तिकडे गेलेलाच नाही. दोन्ही मानवतहून वेगवेगळे आले. मग हे दोन छोटे तुकडे झाले, आणि छोट्या तुकड्यात साथ टिकत नाही, विझून जाते. दोन्हीकडची माणसं एकमेकांना लागतात, याला पुरावा काय?"

बापूराव पंचायत समितीचे सदस्य म्हणून पुढच्याच खुर्चीवर होते. सरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "पुरावा न्हाई."

"मग अंदाज उभा राहत नाही गुरुजी."

"न्हाई ऱ्हात," सर म्हणाले आणि खाली बसले. मागून कुणीतरी "कधीपासून?" असं ओरडलं आणि सगळे हसले. त्या दिवशी परतीच्या एसटीत डब्यांतले चिंचोके खुळखुळत होते. मी शेजारी बसले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "सर, खरा हिशोब तुमच्यापाशी आहे ना? जुनी वही?" ते म्हणाले, "हाय. पन ती दाखवायची वही न्हाई."

त्यानंतर सरांचं नाव कुठं निघालं नाही. ते शिकवत राहिले, विचारत राहिले. संजू आणि मिलिंद शाळेत आले, तेव्हा सरांनी उंचीप्रमाणे बसवतो म्हणून दोघांना एका बाकावर बसवलं. उंचीत चांगला चार बोटांचा फरक होता. एक-दोघांनी कुरकुर केली. सरांनी पट्टी काढून सगळ्यांची उंची मोजायला घेतली, तेव्हा कंटाळून गप्प बसले.

आणि साथ परत आली. सरांनी सांगितल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा, पण आली शाळेतूनच. एका सकाळी सर दोन्ही पोरांना दंडाला धरून माझ्याकडं घेऊन आले. चारही डोळे लाल.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"परवापासून," दोघं एकदमच म्हणाले आणि एकमेकांकडं बघून हसले.

सरांनी दोन्ही नावं, होय, नंबर नाही, नावं, एकाखाली एक लिहिली. एकच तारीख. मग मला म्हणाले, "दोन वरसं चुकलो बाई. आपले लोक पोरांना शाळेत उशिरा घालतेत. ते धरायचं ऱ्हायलं." मलमाचा साठा अर्थातच कुठंच नव्हता. तीन आठवडे मी मिठाच्या पाण्यानं डोळे धुवत होते.

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. नामांतराचा वाद तेव्हा पुन्हा तापला होता. जायच्या दिवशी पिशवी घेऊन माझ्याकडं आले, आणि पिशवीतून ती दुसरी वही काढली, बिनडागाची.

"ही शाळेच्या कपाटात जमा करायलोय. पुढं कुणी गणित मांडंल. तवा म्हटलं विचारावं." त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. "ती एक तारीख आता दुरुस्त करू का?"

माणूस परवानगी मागत होता. त्याच्या आयुष्यातला एकच खोटा आकडा, आणि तो माझ्यापायी. मी दाराकडं बघितलं. बाहेर कुणी आहे का, तेही बघितलं. शाळेच्या कमिटीवर बापूरावच होते. कपाटाची किल्ली त्यांच्याच माणसाकडं. मी म्हटलं, "अजून नको, सर."

"बरं," म्हणाले. टोपण लावलं. "मग ऱ्हाऊ द्या." एवढंच.

मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. कंडक्टर काळा चष्मा लावून दारात उभा होता. सर पायरीवर एक पाय ठेवून थांबले, त्याच्या चष्म्याखालून वाकून बघायला लागले. "कधीपासून?" कंडक्टर खेकसला, "वर व्हा आधी!" गाडी सुटली तेव्हा खिडकीतून दिसलं, सर त्याच्याशी बोलत होते आणि खिशातलं निळं पेन त्यांनी पुन्हा काढलं होतं. नंतर ते मला दिसले नाहीत.

आता सर गेले. बापूराव गेले, कौसाबाईही गेली. सुमन मागच्या महिन्यात भेटली, तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा बाई. संजूला मी कवाच सांगितलंय. कौसाबाईच्या मातीला तो मिलिंदच्या शेजारीच हुता." ती वही शाळेच्या कपाटात आहे की वाळवीनं खाल्ली, मला माहीत नाही. म्हणून इथं लिहिते. घर नंबर चौदा, मिलिंद, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. संजू, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. सर, गाव एकच होतं.